दार उघडण्यापूर्वीं

गेल्या कार्तिकांतली गोष्ट. मंडईंतून आवळे व भाजी घेऊन आम्ही पुतण्याच्या मोटारींतून टिळक रस्त्यानें घरीं परतत होतों. मागच्या बैठकीवर डावीकडे वहिनी, उजवीकडे आम्ही आणि मध्यें पिशव्या. वहिनींचें रक्तदाबाचें औषध संपलें होतें, म्हणून एका औषधांच्या दुकानासमोर पुतण्यानें मोटार कडेला उभी केली. वहिनींच्या मांडीवर आवळ्यांची पिशवी. त्यांना उठविण्यापेक्षां आपणच उजवीकडून उतरावें, असा विचार करून आम्हीं दार ढकललें. त्याच क्षणीं दारावर कांहीं तरी जोरानें आदळलें, डब्यांचा खणखणाट झाला, आणि वाकून पाहतों तों पन्नाशीच्या घरांतला एक गृहस्थ रस्त्यावर पडलेला, सायकल त्याच्या पायावर आणि जेवणाचे डबे चहूंकडे लवंडलेले! एका खानावळीचे डबे कचेऱ्यांत पोंचविण्याचें काम करणारा तो मनुष्य होता. डाव्या हातानें उजवा खांदा धरून तो कसाबसा उठून बसला आणि पहिलें वाक्य बोलला तें असें : "साहेब, ते डबे तेवढे उचलायला लावा कुणाला तरी. गाडीखाली जातील."

त्यावर आमच्या तोंडून जें निघून गेलें तें लिहावयास आज संकोच वाटतो. आम्ही म्हणालों, "अहो, तुम्ही दिसलाच नाहीं हो!" जणूं काय न दिसण्याचा अपराध त्याचा होता. खरी गोष्ट अशी कीं, लखलखीत ऊन पडलें होतें, रस्ता सरळ होता, आणि तो मनुष्य आमच्या दिशेनें निदान पाऊणशें पावलें तरी सरळ येत असला पाहिजे. तो दिसत नव्हता असें नव्हे. आम्हीं मागें वळून पाहिलेंच नव्हतें.

जवळून जाणारे दोन विद्यार्थी तत्काळ थांबले. एकानें १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावली, दुसऱ्यानें डबे गोळा केले. "मध्यें पडलों तर पोलिसांचें झेंगट मागें लागेल" या भीतीनें काढता पाय घेणारे लोक आमच्या पिढींत पुष्कळ. पण २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत १३४-अ हें कलम घातलें गेलें असून, जखमी माणसाला सद्बुद्धीनें मदत करणाऱ्यास त्या मदतींत घडलेल्या चुकीबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदार धरतां येत नाहीं. त्या मुलांना हें कलम ठाऊक होतें कीं नाहीं कोण जाणे. त्यांना माणुसकी ठाऊक होती, तेवढ्यानें काम भागलें. क्ष-किरणांच्या छायाचित्रांत त्या गृहस्थाच्या खांद्याजवळचें हाड मोडल्याचें दिसलें. सहा आठवडे हात झोळींत.

त्या दिवसापासून हा विषय आमच्या घरांत निघाला तो अद्याप संपलेला नाहीं, आणि आमच्या वाचकांच्या घरांतहि तो निघावा या हेतूनें हा लेख लिहीत आहों. सायकलींच्या अपघातांविषयीं बोलूं लागलें म्हणजे आपण सुशिक्षित मंडळी महापालिकेवर, खड्ड्यांवर आणि मेट्रोच्या खोदकामावर तोंडसुख घेतों. तें सर्वच अन्यायाचें आहे असें नाहीं. २००६ च्या अखेरीस पुण्यांत कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर बसगाड्यांसाठीं स्वतंत्र मार्गिका निघाल्या, त्यांच्या जोडीला सायकलींचे पट्टेहि आखले गेले. २०१७ सालीं सबंध शहरासाठीं सायकलींचा आराखडा मंजूर झाला. आज त्या पट्ट्यांवर ठिकठिकाणीं काय उभें असतें, हें पुणेकरांस सांगावयास नको. पण तेथें उभ्या केलेल्या मोटारी कोणाच्या? आपल्याच. एकाच कुटुंबांत नात सायकलीनें महाविद्यालयांत जाते, आजोबा गुडघ्यांच्या दुखण्यामुळें विजेची सायकल घेतात, आणि चुलते मोटार सायकलींच्या पट्ट्यावर उभी करून "दोन मिनिटांत आलों" म्हणून जातात. सायकलस्वाराचा जीव जितका त्याच्या स्वतःच्या हातीं आहे, तितकाच तो सायकलीवर न बसलेल्या माणसांच्या हातीं आहे, ही गोष्ट आम्हांला सत्तराव्या वर्षीं, आणि तीहि दुसऱ्याचें हाड मोडून, समजली.

आमच्या लहानपणीं पुणें हें सायकलींचें शहर म्हणून प्रसिद्ध होतें. सकाळीं कारखान्यांचे भोंगे वाजावे आणि सायकलींचा लोंढा पुलांवरून वाहूं लागावा, हें दृश्य आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. सायकलीला कर असे व तो भरल्याचा धातूचा बिल्ला दांडीला लटकत असे. रात्री दिवा नसला किंवा मागें कोणाला बसविलें तर पोलिस अडवी आणि कधीं दंड घेई, कधीं चाकांतली हवा सोडून देई. हवा सोडलेली सायकल हातीं धरून घरापर्यंत चालत येण्याचा प्रसंग आमच्यावर दोनदां आला आहे. त्या शिक्षेचा आम्हांला तेव्हां राग येई. आतां वाटतें, त्या काळच्या मंद, निवांत रस्त्यावर जर दिव्याची एवढी किंमत होती, तर आजच्या रस्त्यावर ती किती असावी? टायरला घांसून चालणारा तो जुना डायनॅमो सायकल थांबली कीं विझे. आज दोन-तीनशें रुपयांत चार्ज होणारा दिवा मिळतो, आणि तरीहि संध्याकाळीं दहा सायकली पाहाव्या तर त्यांपैकीं निम्म्या आंधळ्या!

असो. आमच्या घरच्या विजेच्या सायकलीकडे वळतों, कारण तिच्यावरून झालेला वाद पुष्कळ घरांत होण्याजोगा आहे.

थोरल्या बंधूंचें, म्हणजे दादांचें, वय बहात्तर. गुडघ्यांमुळें साधी सायकल सुटली, स्कूटरची त्यांना धास्ती वाटूं लागली, तेव्हां त्यांनीं दीड वर्षापूर्वीं विजेवर साहाय्य करणारी सायकल घेतली. पायडल मारलें कीं मोटर हात देते. चढ असो वा वारा असो, मनुष्य तरुणासारखा चालतो. कायद्याच्या दृष्टीनें ही वस्तु काय आहे, तें आधीं समजून घेतलें पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांप्रमाणें ज्या सायकलीच्या मोटरची शक्ति २५० वॅटच्या आंत आहे, ताशी २५ किलोमीटरचा वेग येतांच किंवा पायडल मारणें थांबतांच जिची विजेची मदत बंद पडते, जिचें वजन बॅटरी सोडून ६० किलोपेक्षां अधिक नाहीं, आणि जिला योग्य ब्रेक व पुढें पांढरा, मागें तांबडा असे प्रकाश परतविणारे तुकडे लावलेले आहेत, ती मोटारवाहन समजली जात नाहीं. तिला नोंदणी नको, परवाना नको, विमा नको. ही सवलत मोठी आहे, आणि तिच्याच आडोशानें कांहीं दुकानांत खोडसाळपणा चालतो. "एक तार काढली कीं चाळीसनें पळेल, साहेब," असें दादांना एका दुकानदारानें हंसत हंसत सांगितलें. ती तार काढली कीं ती सायकल कायद्यानें सायकल राहत नाहीं. ती नोंदणी नसलेली, विमा नसलेली मोटारगाडीच झाली. तिच्यानें कोणाला इजा झाली तर भरपाईचा सगळा भार घरावर येतो. नातवांना अशी 'सुधारलेली' सायकल घेऊन देणाऱ्या आजोबांनीं याचा विचार अवश्य करावा. दुकानांत रंग पाहण्यापूर्वीं चाचणीचें प्रमाणपत्र मागावें. या चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकीं १९६६ सालीं स्थापन झालेली भारतीय मोटारवाहन संशोधन संस्था तर आपल्या पुण्यांतच, वेताळ टेकडीवर आहे.

दादांची सायकल नियमांतली होती. तार काढलेली नव्हती. तरीहि वहिनींचा जीव थाऱ्यावर नव्हता, आणि त्यांची शंका आम्हांला प्रथम बायकी वाटली हें कबूल केलें पाहिजे. त्या म्हणाल्या, "भावजी, पायांत जोर नसला तर माणूस आपोआप हळू जातो. ह्यांचे पाय बहात्तरचे आणि सायकल पंचविसाची. थांबायची वेळ आली म्हणजे कोणाचं ऐकायचं?" यापेक्षां नेमकें आम्हांलाहि मांडतां आलें नसतें. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारें ७ मीटर. समोर कांहीं आलें हें मनाला कळून हात ब्रेकवर आवळेपर्यंत एक सेकंद जातो, म्हाताऱ्या माणसाचा थोडा अधिकच; तेवढ्यांत सायकल एका मोठ्या दिवाणखान्याइतकें अंतर तोडून पुढें गेलेली असते आणि ब्रेकला अजून सुरुवातहि झालेली नसते. वेग दुप्पट झाला तर आघाताची शक्ति चौपट होते, हें शाळेंतलें गणित येथें हाडांवर सोडवावें लागतें. शिवाय या सायकली बॅटरी व मोटरमुळें वीस-पंचवीस किलोंच्या असतात. साध्या सायकलीच्या सवयीनें पाय टेंकला तर ती आंगावर कलते. दादा पहिल्या महिन्यांत दोनदां पडले ते रस्त्यावर नव्हे, तर फाटकापाशीं उतरतांना.

त्यांना आम्हीं एक उपाय सुचविला, आणि तो त्यांनीं रागावत कां होईना पण मानला. पहिला महिनाभर पहाटे, मोकळ्या मैदानांत, मदत सर्वांत कमी ठेवून, फक्त थांबण्याचा सराव करावयाचा. पुढचा व मागचा ब्रेक एकदमच पण हळुवार आवळणें. नुसता पुढचा दाबला तर कोलांटी, नुसता मागचा दाबला तर घसरगुंडी. चालविण्यास कोणीहि आठ दिवसांत शिकतो. थांबण्यास शिकावें लागतें, हें आम्हांला कोणी शिकविलें नव्हतें.

ब्रेकविषयीं आणखी एक गोष्ट. चाकाच्या कडेला रबर घासून थांबणाऱ्या सायकलीचा ब्रेक पावसांत प्रथम केवळ पाणी पुसतो; पकड येईपर्यंत चाक बरेच फेरे घेतें. म्हणून पावसाळ्यांत चौक येण्यापूर्वीं ब्रेक हलकेच लावून कड कोरडी करून घ्यावी. रस्त्यांवरच्या पांढऱ्या पट्ट्या, गटारांचीं लोखंडी झांकणें, आणि खोदकामावर टाकलेले पत्रे हे पावसांत तुळतुळीत होतात. त्यांवर वळूं नये व ब्रेकहि दाबूं नये, सरळ ओलांडावें. साचलेल्या पाण्याखालीं रस्ता आहे असें गृहीत धरणें हा आपल्या शहरांत निव्वळ भाबडेपणा होय.

आतां बॅटरीचें. या ठिकाणीं आम्ही थोडे लांबण लावणार आहों, कारण रस्त्यावरचा धोका एकट्या सायकलस्वाराला असतो, हा मात्र सबंध घराला व शेजाऱ्यांना आहे.

दादा रोज रात्री निजण्यापूर्वीं सायकल दारापुढच्या व्हरांड्यांत, चपलांच्या मांडणीला टेंकून उभी करीत, आंतून एक लांब वायर काढीत आणि सकाळपर्यंत बॅटरी चार्जिंगला लावून ठेवीत. आमची इमारत म्हणजे जुन्या वाड्याच्या जागीं उभी राहिलेली चार मजल्यांची वास्तु. जिना एक, तोहि अरुंद. समोरच्या बिऱ्हाडांतील एका गृहिणीनें आक्षेप घेतला तेव्हां दादांना तो शेजाऱ्यांचा मत्सर वाटला. त्या बाईंचें म्हणणें अक्षरशः बरोबर होतें.

लिथियमच्या बॅटरींत लहान लहान घट एकमेकांना लागून बसविलेले असतात. आपटल्यानें, पाणी शिरल्यानें, सदोष बनावटीनें किंवा भलत्याच चार्जरनें एखाद्या घटांत आंतल्या आंत विजेची वाट चुकली, कीं तो तापतो. त्याच्या उष्णतेनें शेजारचा तापतो. आणि एकदां ही सांखळी सुरू झाली म्हणजे वीज बंद केल्यानें ती थांबत नाहीं. ज्वालाग्राही व विषारी वायु जोरानें बाहेर पडतो. सतरंजी टाकून विझविण्याची आपली परिचित युक्ति येथें चालत नाहीं, कारण घटांतली उष्णता घटांतच उत्पन्न होत असते. मार्च २०२२ मध्यें पुण्यांतच रस्त्याच्या कडेला उभी असलेली विजेची एक स्कूटर भर दिवसा पेटली, तें चित्र पुष्कळांनीं पाहिलें असेल. त्याच वर्षीं १२ सप्टेंबरच्या रात्री सिकंदराबाद येथें विजेच्या स्कूटरांच्या दुकानांत आग लागली, आणि धूर जिन्यानें वर चढून वरच्या उतारगृहांतील आठ माणसें दगावलीं. न्यूयॉर्क शहरांत २०२३ या एका वर्षांत लिथियम बॅटरींपासून २६८ आगी लागल्या व १८ माणसें प्राणास मुकलीं. तेथें त्या वर्षापासून मान्य चाचणी न झालेल्या विजेच्या सायकली विकण्यास बंदी आहे. आपल्याकडे २०२२ च्या आगींनंतर स्कूटरांच्या बॅटरींचे नियम कडक करण्यांत आले आणि १ डिसेंबर २०२२ पासून ते टप्प्याटप्प्यानें लागूं झाले. परंतु हे नियम नोंदणी लागणाऱ्या वाहनांकरितां आहेत. जी सायकल मोटारवाहनच नव्हे, तिच्या बॅटरीविषयीं दक्षता घेणाऱ्यानेंच बाळगली पाहिजे.

आगीपेक्षां जिन्याचा प्रश्न मोठा, हें आम्हांला सिकंदराबादच्या बातमीवरून उमगलें. बॅटरी बाहेर पडण्याच्या वाटेवर पेटली तर घरांतल्यांना बाहेर पडण्यास वाट उरत नाहीं. म्हणजे दादांनीं घराबाहेर, सुरक्षित म्हणून निवडलेली जागा हीच सर्वांत वाईट होती.

सोसायटीच्या सभेंत या विषयावर दीड तास खडाजंगी झाली. एका सभासदांनीं इमारतींत विजेच्या सायकली आणूंच नयेत असा ठराव मांडला; दुसऱ्यांनीं मग स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडरहि काढा असें सुनावलें. शेवटीं ठरलें तें असें कीं, तळमजल्यावर वाहनांच्या जागेंत, जिन्यापासून दूरच्या भिंतीला, विजेचा स्वतंत्र खटका व आपोआप तुटणारी सुरक्षाकळ यांसह दोन जोडण्या घ्याव्या. खर्च सायकलवाल्यांनीं द्यावा. आमच्या घरीं तेव्हांपासून पाळला जाणारा नियम साधा आहे. फिरून आल्यावर बॅटरी अर्धा तास निवूं द्यावी, मगच चार्जर लावावा, चार्जर सायकलीबरोबर आलेलाच, बाजारांतला स्वस्त दुसरा नव्हे, लांबवलेल्या वायरींचा व एकाला एक जोडलेल्या फळ्यांचा उपयोग नाहीं, उन्हांत नाहीं, गादीवर वा कागदांच्या रद्दीजवळ नाहीं, आणि रात्री सर्व निजल्यावर मुळींच नाहीं. जी बॅटरी पडली, फुगली, पाण्यांत बुडाली किंवा तिला गोडसर, औषधी असा चमत्कारिक वास येऊं लागला, ती पुन्हां जोडूं नये. धूर दिसलाच तर शौर्य न गाजवितां माणसांना घेऊन बाहेर पडावें, मागें दार ओढून घ्यावें आणि १०१ वर अग्निशामक दलाला कळवावें. दादा आतां दुपारीं तीनला खालीं खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचीत चार्जरजवळ बसतात. त्यांना हा पहारा आतां आवडूंहि लागला आहे. येणाऱ्याजाणाऱ्याशीं गप्पा होतात.

लहान मुलांविषयीं लिहिल्याविना राहवत नाहीं. शाळेंतून नातवंडांना मागच्या कॅरिअरवर बसवून आणणारे आजोबा आपल्याकडे घरोघर आहेत. मुलाचे पाय लोंबत असतात. वळणावर टांच चाकाच्या आऱ्यांत जाते आणि पायाचें कातडें सोलून निघतें, कधीं हाडहि मोडतें. साध्या सायकलीचा वेग कमी असल्यानें कधीं निभावून जाई; मोटरच्या जोरावर फिरणारें चाक तितक्या सहज थांबत नाहीं. मुलाला पाय टेंकण्यास जागा असलेली, पाठ असलेली बैठक घ्यावी आणि चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी बसवून घ्यावी. तीच जाळी ओढणी व पदर यांनाहि उपयोगी पडते. पुतण्याच्या मुलीची ओढणी एकदां साखळींत गेली, आणि दैव बलवत्तर म्हणून गांठ सुटली. तेव्हांपासून ती निघण्यापूर्वीं ओढणी कमरेला खोंचते. आजीनें बजावलें म्हणून नव्हे, तर त्या दिवशींचा गळ्यावरचा ओरखडा चार दिवस आरशांत दिसत होता म्हणून.

याच मुलीला सायकलीनें महाविद्यालयांत जाऊं द्यावें कीं नाहीं, यावर घरांत दोन पक्ष आहेत. आम्ही जाऊं द्यावें या पक्षाचे. डोक्याला हेल्मेट, पुढेंमागें दिवे आणि पाठीच्या पिशवीवर चकाकणारी पट्टी, एवढें तिनें स्वतःच्या खुषीनें पत्करलें आहे. आम्हीं तिला दोनच गोष्टी सांगितल्या. बस किंवा मालमोटार डावीकडे वळण्याच्या बेतांत असेल तेव्हां तिच्या डाव्या अंगाच्या फटींत शिरावयाचें नाहीं. चालक उजवीकडे बसलेला असतो आणि त्याच्या डाव्या कुशीशीं असलेली सायकल त्याला आरशांतहि बहुधा दिसत नाहीं. थांबावें, ती वळून जाऊं द्यावी. दुसरें, उभ्या असलेल्या मोटारींच्या रांगेला चिकटून कधीं जावयाचें नाहीं. एक दार उघडेल एवढें, म्हणजे हातभराहून अधिक अंतर राखावयाचें, मागून कोणी कितीहि भोंगा वाजविला तरी. हें सांगतांना आमचा आवाज जरा खालीं गेला असावा. ती म्हणाली, "काकाआजोबा, तेवढं अंतर राखलं तर मागचे ओरडतात, नाही राखलं तर तुमच्यासारखे दार उघडतात." यावर उत्तर नव्हतें.

म्हणून मोटारींत बसणाऱ्यांसाठीं एक रीत येथें नमूद करतों. हॉलंडांत सायकली अमाप. तेथें दाराकडच्या हातानें नव्हे, तर लांबच्या हातानें दार उघडण्याची संवय मुलांना व मोटार शिकणाऱ्यांना लावतात. उजव्या दाराशीं बसलेल्यानें डावा हात पुढें करून कडी ओढावयाची. तसें करतांना अंग आपोआप वळतें, मान मागें फिरते, आणि मागून येणारी सायकल डोळ्यांत भरते. युक्ति इतकी सोपी आहे कीं ऐकतांना हंसूं येतें. आम्हीं घरांत ती सर्वांना सक्तीची केली. वहिनी प्रथम दोन दिवस विसरल्या, पुतण्या महिनाभर विसरला; आम्ही एकदांहि विसरलों नाहीं, पण त्याचें श्रेय आम्हांला नाहीं.

त्या डबेवाल्या गृहस्थाकडे आम्ही तीन वेळां गेलों. औषधपाण्याचा खर्च व सहा आठवड्यांची मजुरी आम्हीं दिली, आणि हिशेबांत साडेतीनशें रुपये अधिक आले म्हणून त्यांनीं तिसऱ्या भेटींत ते मोजून परत केले. पण पैशांनीं भरून निघण्याजोगें तेवढेंच होतें. खानावळवाल्यानें त्यांची फेरी मध्यंतरीं स्कूटरवाल्या एका मुलाला दिली. अकरा कचेऱ्यांपैकीं सात परत मिळाल्या, चार गेल्या त्या गेल्याच. उजवा हात अजून खांद्याच्या वर नीट जात नाहीं, म्हणून वरच्या हुकाला अडकविण्याचे डबे ते आतां मागच्या पेटींत ठेवतात.

आमच्या पुतण्याच्या कचेरीचा डबा आम्हीं त्यांच्याकडेच लावला. पौषांत, पहिल्या दिवशीं ते डबा न्यावयास घरीं आले तेव्हां फाटकांत आमची मोटार उभी होती, आंत कोणीहि नव्हतें. त्यांनीं मोटारीच्या कांचेंतून आंत एकदां पाहिलें, सायकल चांगली सहा पावलें दूर नेऊन भिंतीशीं लावली, आणि मग घंटी वाजविली.